२७० जीबीचं लग्न

नळदुर्गच्या बसस्थानकाजवळच्या त्या स्टुडिओत मी गेलो ते तगादा लावायला. पुतण्याचं लग्न झालं अक्षय्य तृतीयेला. गौरी-गणपती तोंडावर आले तरी व्हिडिओ नाही, अल्बमही नाही. सुनेच्या माहेरून दर रविवारी फोन येतो आणि तो कुणी उचलायचा यावरून आमच्या घरात वाद होतो. स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव मामा म्हणतं, मीही म्हणतो. मला दारात बघताच ते फडकं घेऊन खुर्ची पुसायला लागले. खुर्ची पुसायला घेतली की काम झालेलं नसतं, हे मी मास्तरकीच्या तीस वर्षांत पालकांच्या घरी शिकलोय.

"गुरुजी, माणूस नाय, मशीन दमलंय," मामा म्हणाले.

मशीन कोपऱ्यात होतं. कॅबिनेटची एक बाजू काढून भिंतीला टेकवलेली, उघड्या पोटावर टेबलफॅन सोडलेला. आत २०१४ सालच्या पिढीचा आय-सेव्हन ४७९० प्रोसेसर. या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला निरोप दिला. शेजारी मामांची सख्खी भाची वहीच्या पानावर यादी करत होती. पोरगी तीन वर्षं पुण्यात एडिटिंग करून परत आलीय. पतसंस्थेनं सव्वा लाख मंजूर केलेत आणि नवं मशीन घ्यायचंय, इथपर्यंत दोघांचं एकमत. त्यापुढं नाही.

"सर, तुम्हीच ऐका आणि सांगा," तिनं मला पंच केलं. "मामा, मांडा तुमचं."

"माझं सरळ हाय," मामा म्हणाले. "मोठ्या कंपन्या, बँका तीन-चार वर्षं वापरून डेस्कटॉप काढून टाकत्यात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह मिळतंय त्यात. एसएसडी टाकायची, रॅम वाढवायची, झालं. उरल्या पैशात लेन्स घेऊ. गिऱ्हाईक फोटो बघतंय, डबा कोण बघतंय?"

"त्या डब्यात पॉवर सप्लाय किती वॅटचा असतो, बघितलाय?"

"आसंल की तीनशेचा."

"बारक्या डब्यांत त्याहून कमीच. आणि तोही कंपनीच्या मापाचा. बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. उद्या ग्राफिक्स कार्ड घालायचं म्हटलं की त्याला लागणारी वायरच नसते. म्हणजे मशीन आज स्वस्त, उद्या अख्खं बदला."

मामा काही बोलले नाहीत. सुटे भाग आणून मशीन जुळवण्याचं त्यांना वावडं आहे असं नाही. हे जुनंही त्यांनी सोलापूरहून जुळवूनच आणलेलं. त्यांना भीती आहे ती खर्चाची आणि ती खरी आहे. बाकी, जुळवून घेणं हा आपल्याकडच्या चित्रधंद्याचा जुनाच गुण. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला चक्क कॅमेराच घरी तयार केला होता. इथं तर नुसता डबा भरायचाय.

"आता खरी गोष्ट दाखवते," म्हणत भाचीनं माझ्या पुतण्याच्या लग्नाची एक फाइल उघडली. अक्षता पडतायत आणि चित्र दर दोन सेकंदांनी अडकतंय. नवरा हात वर करतो आणि तिथंच थिजतो. लग्नाच्या दिवशीही तो असाच दिसत होता, पण ते असो. तिनं फाइलची माहिती समोर घेतली: एच.२६५, १०-बिट, ४:२:२.

"मामांनी दोन वर्षांपूर्वी कॅनन आर६ घेतला. लॉग नावाचं सेटिंग चालू केलं की तो असं रेकॉर्ड करतो. बंद असलं की साधं ८-बिट एच.२६४. आता एच.२६५ म्हणजे काय, तर प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवतच नाही. आधीच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच लिहून ठेवतो."

"म्हणजे हजेरीपट," मी म्हणालो. "मी रोज पंचावन्न नावं लिहीत नव्हतो. गैरहजर तेवढे मांडायचो."

"बरोबर. पण परवा तुमच्या जागी नवे मास्तर आले आणि त्यांनी विचारलं की मंगळवारी वर्गात कोण होतं, तर त्यांना मागचं सगळं चाळून हिशेब मांडावा लागेल. मशीन दर सेकंदाला पंचवीस वेळा तो हिशेब मांडतं. त्यात ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती नेहमीपेक्षा दुप्पट. हे काम प्रोसेसरच्या ताकदीवर सोडलं की तो असा धापा टाकतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळा कारकून बसवलेला असावा लागतो. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये तो आहे, क्विक सिंक. पण डेस्कटॉपवर एच.२६५ चं हे ४:२:२ त्याला अकराव्या पिढीपासून कळायला लागलं. तुमच्या आठव्या पिढीला नाही कळत."

"मग लॉग बंद करतो!" मामा टेबलावर हात आपटून म्हणाले. "फुकटात काम."

उत्तर बिनतोड होतं. भाची क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लॉग चालू कशासाठी केलं होतं, आठवतंय?"

"हळदीला. उन्हात पिवळा रंग जळून पांढरा पडायचा."

"तर मग. दुपारच्या मांडवात पांढरं धोतर, पिवळी हळद, मागं काळी सावली. तिथं लॉगच हवं. रात्रीच्या गोंधळाला मात्र बंद करा. अंधारात लॉगनं दाणे वाढतात. तिथं तुमचं बरोबर."

गोंधळाचा विषय निघाला आणि वादाला धार आली. तुळजापूर इथून फार लांब नाही. या भागात लग्न झालं की बहुतेक घरी जागरण-गोंधळ असतो आणि तो रात्री. अंगणातला एक बल्ब, दिवटीचा हलता उजेड, संबळाच्या तालावर गोंधळ्याचं फिरणं. डोळ्यांना ते सुंदर दिसतं. कॅमेऱ्याला दिसत नाही. आयएसओ बारा हजारांवर न्यावा लागतो आणि गोंधळ्याच्या मागच्या अंधारात मुंग्यांचं वारूळ फुटावं तसे दाणे दिसतात.

"ते दाणे काढायचं काम प्रोसेसर करत नाही, ग्राफिक्स कार्ड करतं," भाची म्हणाली. "दाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, २९५ डॉलर, एकदाच भरायचे. पण फोर-के गोंधळावर ते लावलं की कार्डची स्मृती भसाभस खातं. म्हणून मला १६ जीबीचं कार्ड हवंय."

"सोळा जीबीचं कार्ड!" मामांनी माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, सव्वा लाखातलं निम्मं तिथंच जाईल. गोंधळ किती मिनिटांचा ठेवतोय आपण? चार. चार मिनिटांसाठी म्हैस विकायची? सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरात जुनं ३०६० मिळंल, १२ जीबीचं. हैदराबादची गाडी दारातून जाते."

"आणि ते आधी कुणी कशाला वापरलं होतं? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. बाहेरून पुसून चकचकीत करतात. पंख्याच्या आत काय झालंय कुणाला माहीत? शिवाय ३०६० ला हे ४:२:२ कळतच नाही. एनव्हिडियाला ते ५० च्या मालिकेपासून, म्हणजे २०२५ पासून कळायला लागलं."

इथं मी पंचाच्या अधिकारात विचारलं, की कार्डला आता ते कळत असेल, तर प्रोसेसरच्या कारकुनाचं एवढं कौतुक कशाला?

भाची हसली. "पकडलंत. ५०६० घेतलं तर माझं कारण निम्मं गळतं, हे खरं."

"मग 'एफ'वालं घे!" मामांना जोर आला. त्यांनी खिशातून कोटेशनचा कागद काढला. प्रोसेसरच्या नावापुढं इंग्रजी एफ अक्षर असलं की त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं आणि तेवढी किंमत उतरते. दुकानदारानं तेच लिहून दिलं होतं. "एका अक्षरात हजार-दीड हजार वाचतंय."

मग त्यांनीच कागद परत घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"नाय पण," ते सावकाश म्हणाले. "कार्ड बिघडलं तर? माझं मागचं कार्ड वॉरंटीत गेलं ते महिन्यानं आलं. तवर ह्या मशीनची वायर मदरबोर्डात खुपसून मी पासपोर्ट फोटो काढत हुतो. एफवालं आसतं तर स्क्रीन काळी. दुकान बंद. ऐन सिझनात."

त्यामुळं यादीतली पहिली ओळ पक्की झाली ती अशी: आय-फाइव्ह १४५००, एफ नाही. तिला तो कारकुनासाठी हवा होता, मामांना अडीअडचणीला. तिचं कारण पुण्यातल्या एडिटिंग टेबलावरचं, मामांचं गल्ल्यावर बसून आलेलं. मला विचाराल तर मामांचं कारण जास्त टिकाऊ. कॅमेरा बदलला की कारकून जुना होईल, पण कार्ड वॉरंटीत जायचं काही थांबत नाही.

के अक्षराचे, म्हणजे वेग आणखी चढवता येणारे प्रोसेसर दोघांनीही एका वाक्यात उडवले. १४७००के पूर्ण जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो, १४५०० फार तर १५४. मे महिन्यात पत्र्याखाली बेचाळीस अंश असतात तेव्हा हा फरक खोलीतही कळतो. इंटेलच्या १३ आणि १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना व्होल्टेजच्या गडबडीनं दुखणं लागलं होतं, २०२४ मध्ये कंपनीनं दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. भाचीनं त्यावर एवढंच लिहिलं: 'बायोस नवा करूनच मशीन ताब्यात घेणे.'

रॅमवर मात्र मामा अडले. "जुन्या मशीनची सोळा जीबी काढून घाल की." तिनं ड्रॉवरमधली तसलीच एक जुनी पट्टी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. पितळी दातांच्या रांगेत एक खाच होती. "ही डीडीआर-थ्री. नवीन बोर्डाच्या खोबणीतला उंचवटा वेगळ्या जागी असतो. दाबून बसवाल तर बोर्ड जाईल." मामांनी पट्टी उलटीसुलटी करून बघितली, बाळाच्या कड्यासारखी कागदात गुंडाळली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. असा एक ड्रॉवर प्रत्येक स्टुडिओत असतो.

"नवी बत्तीस. सोळाच्या दोन, एकच बत्तीसची नको. दोन पट्ट्या असल्या की दोन रस्ते मिळतात. आणि बोर्ड बी७६०, डीडीआर-फोरवाला."

"सोळात भागंल. २०२५ च्या शेवटापासून रॅमला सोन्याचा भाव आलाय. एआयवाले सगळं उचलत्यात."

"अल्बमचं पान किती इंचाचं करता?"

"बारा बाय छत्तीस, उघडल्यावर."

"तीनशे डीपीआय. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००." तिनं वहीत गुणाकार मांडला, माझ्यातल्या मास्तरानं मनातल्या मनात तपासला. ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके. प्रत्येकाला तीन रंग, तीन बाइट. साधारण ११७ एमबी. "हा झाला पानभर पसरलेला एक थर. तुमच्या फोटोशॉपच्या फाइलीत पंचवीस-तीस असतात. फुलं, चौकटी, मोर, ढग, ढगातनं डोकावणारी नवरी..."

"मोर गिऱ्हाइकाला लागतोय."

"असू द्या मोर. बारा-तेराच थर पानभर धरले तरी दीड जीबी. अशी चार पानं उघडी, पाठीमागं व्हिडिओ एक्सपोर्ट होतोय, गाणं शोधायला ब्राउझर उघडा. सोळा कुठं पुरणार?"

मामांनी मोरासकट बत्तीस मान्य केले.

साठवणीचा हिशेब तिनं काढला तो मला फार आवडला, कारण त्यात ती स्वतःच्याच विरुद्ध गेली. या कॅमेऱ्याचं पंचवीस फ्रेमचं १०-बिट फुटेज सेकंदाला १७० मेगाबिट. भागिले आठ, म्हणजे एकवीस एमबी. तासाला साडेशहात्तर जीबी. माझ्या पुतण्याचं, फक्त लग्नाच्या दिवसाचं, एका कॅमेऱ्याचं साडेतीन तासांचं चित्रण जवळपास २७० जीबी भरलं होतं.

"साधी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे एमबी देते," ती म्हणाली. "म्हणजे एक फाइल सरळ वाजवायला ती पुरते. सात हजार एमबीवाली एसएसडी घ्या म्हणून दुकानदार मागं लागेल, त्याची गरज नाही."

"आसं बोल की!"

"पण आपण सरळ वाजवत नाही ना. दोन कॅमेरे एकत्र लावतो, पुढं-मागं ओढतो. हार्डडिस्कमधली सुई सतत जागा बदलते आणि त्यातच वेळ जातो. म्हणून चालू कामाला एक टीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी, तीन-साडेतीन हजार एमबीवाली. झालेलं लग्न मोठ्या हार्डडिस्कवर. आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, तुमच्या घरी. इथं नाही."

मला वाटलं आता मामा खर्चावरून अडतील. अडले नाहीत. ते एकदम वेगळंच बोलले.

"भूकंप झाला तवा मी उमरग्यात एका स्टुडिओत पोऱ्या हुतो. अनंत चतुर्दशीची रात, पहाटे चारला जमीन हलली. ३० सप्टेंबर १९९३. पंधरा-वीस दिवसांनी सास्तूरकडची माणसं यायला लागली. कुणाला बायकोचा फोटो पायजे, कुणाला लेकराचा. घरातले समदे मातीखाली. आमचे मालक निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, गावावार. एक म्हातारा आला, लेकाच्या लग्नातली निगेटिव्ह सापडली, फोटो धुऊन दिला. पैसे घेतले नाय मालकांनी." त्यांनी फडकं झटकलं. "दोन डिस्क घे. तीन घे."

थोडा वेळ टेबलफॅनचाच आवाज होता. मी माझ्या व्हिडिओचं विचारायला आलो होतो ते विसरलो.

मॉनिटरवर मामांनी सगळा हिशेब फिरवला. भाचीनं सत्तावीस इंची फोर-के लिहिला होता. मामांनी मागच्या महिन्यात छापून आलेला एक अल्बम पुढ्यात टाकला. नवरीच्या शालूचा लाल विटकरी झालेला, हळदीच्या अंगाला हिरवट झाक. गिऱ्हाइकानं परत केला होता. "स्क्रीनवर बरोबर दिसत हुतं. लॅबवाला म्हणतोय, आम्ही दिलं तसं छापलं. मग खोटं कोण बोलतंय? हा." त्यांनी मॉनिटरला टिचकी मारली. "इंच कमी कर. रंग खरा दाखवणारा घे."

तिनं फोर-के खोडून चोवीस इंची आयपीएस लिहिला, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा, आणि त्याखाली रंग मोजायचं कॅलिब्रेटर यंत्र. "पण मामा, पाठीमागची भिंत पोपटी, डोक्यावर निळसर ट्यूब. कुठलाही मॉनिटर घ्या, तुमचे डोळे फसणारच. भिंत राखाडी करा."

"शुभ दिसत नाय राखाडी."

भिंतीचा निकाल मी असेपर्यंत लागला नाही. कार्डाचा लागला: १६ जीबी नाही, जुनंही नाही, नवं ५०६०, आठ जीबीचं. गोंधळाची चार मिनिटं तुकडे करून रात्री लावायची. आणि सगळे भाग सोलापुरातून, जीएसटीच्या बिलावर प्रत्येकाचा सिरियल नंबर टाकून. ऑनलाइन दोन-चार वस्तू स्वस्त पडतात, पण बिघडलेलं कार्ड कुरिअरनं पाठवून वाट बघण्यापेक्षा सकाळच्या एसटीनं जाऊन काउंटरवर ठेवलेलं बरं, हे मामांचं म्हणणं तिनं वाद न घालता घेतलं. रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट तिनं स्वतःच खोडलं. लेन्स मामांनी खोडली. जरा जोरातच.

"राहिला यूपीएस," ती म्हणाली. "जुना आहे ना, ६०० व्हीएचा?"

"हाय की. चांगला हाय."

मामांनी उठून कॅबिनेटच्या पत्र्यावर बोटाची पाठ टेकवली आणि झटकन मागं घेतली. "पण पत्र्याला करंटच्या मुंग्या येत्यात अजून. गुरुजी, हात लावून बघा."

मी नाही लावला. "अर्थिंग नाही का?"

"हाय, पण खड्डा वाळलाय. पावसाळ्यात येत नाय मुंग्या, उन्हाळ्यात सुरू. औंदा पाऊसच कुठं झालाय? मीठ-कोळसा घालून पाणी वतायला पायजे."

"नवीन मशीन आणायच्या आधी," भाची म्हणाली आणि यादीच्या सगळ्यात वर, प्रोसेसरच्याही आधी लिहिलं: 'अर्थिंग.'

मग तिनं पडद्यावर माझ्या पुतण्याचं लग्न पुन्हा समोर घेतलं. "सर, मशीन येईपर्यंत तुमचं थांबवत नाही. मामांच्याच पद्धतीनं, फुकटात करते. सगळ्या फुटेजच्या हलक्या प्रती, प्रॉक्सी, रात्रभर करायला लावते. त्यावर एडिट करायचं, शेवटी मूळ फाइल जोडायची. जुन्या मशीनलाही ते झेपतं, फक्त वेळ लागतो. काल रात्रीच लावलंय. बघा, ७१ टक्के झालंय."

"बघा," मामा म्हणाले, "म्हंजी जुन्या मशीनवर हुतंय."

"पंधरा तासांत ७१ टक्के, मामा."

तेवढ्यात लाईट गेली. टेबलफॅन मंदावत थांबला. टेबलाखालून यूपीएस ओरडायला लागला. भाची मान खाली घालून वहीत बेरीज करत होती: प्रोसेसर १५४, कार्ड १४५, बाकी साठ. "साडेतीनशेच्या वर. ६०० व्हीए म्हणजे खरे वॅट ३६० च. नवीन मशीन याच्यावर चाललं तर एवढंही..."

यूपीएसचा सूर लांबला आणि पडदा काळा झाला.

मामांनी अंधारात चाचपून पेन घेतलं, तिच्या हातातली वही ओढली आणि उघड्या दाराच्या उजेडात धरून शेवटच्या ओळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: १००० व्हीए.

मग फडकं घेऊन ते माझ्या शेजारची दुसरी खुर्ची पुसायला लागले.